उणे तीन

आमच्या शहराचं नावच नाव.
वूच म्हणजे होडी, आणि होडी तरंगेल
अशी नदी इथे नाही; होती ती गिरण्यांनी
रंगवून रंगवून जमिनीखाली घातली.
त्यातल्याच एका गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आता संगणकाचे वर्ग भरतात.
लाल विटा घासूनपुसून ठेवल्यात,
कॉफीला चौदा झ्लॉटी पडतात.

मिरोन शिकवतो. वय असेल अठ्ठावीस.
फळ्यावर चौकोन काढतो : वित्त, विक्री, खरेदी,
मनुष्यबळ, उत्पादन, गोदाम.
"सगळं येतं म्हणणाऱ्याला कोणी बोलावत नाही.
एक सॉफ्टवेअर धरा, त्यातलं एक दालन धरा,
आणि त्यातच मुरा,"
बरणीतल्या काकड्यांना सांगावं तसं सांगतो.
"जर्मन घ्या, मोठ्या कंपन्यांत चालतं.
अमेरिकन घ्या, ते ढगात असतं.
इथलं घ्या, पोटापुरतं सुटेल."
सगळी पोरं वित्त लिहितात.
मी त्रेचाळीस वर्षांची. माझी पेन्सिल
अजून कागदाला टेकलेली नाही.

आई याच मजल्यावर होती, खिडकीकडून चौथी,
बावीस वर्षं एकाच जातीच्या मागांवर.
आवाज जरा बदलला
की झोपेतसुद्धा तिची मान वळायची.
माग भंगारात गेले, किलोवर.
मान वळायची राहिली नाही.
परवा तिला म्हटलं, आई, मी एक प्रणाली निवडतेय,
जन्मभर तीच करायची.
तिने विचारलं, "तेल किती खाते?"
मी हसले. मग परतीच्या ट्राममध्ये
हिशेब मांडत बसले : परवाना, नवी आवृत्ती,
दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा.
खाते, आई. बरंच खाते.

ओपोच्नोला फरशांच्या गोदामात अकरा वर्षं काढली.
एका डिसेंबरात मोजदाद : पडद्यावर दोनशे बारा खोकी,
फळीवर दोनशे नऊ.
साहेब म्हणाले, "बोग्ना, फुटली म्हणून लिही, उणे तीन,
आणि घरी जा."
लिहिता आलं असतं.
बोट होतंही त्या बटणावर.
रात्री दीडला सापडली, मागच्या दाराशी,
लुत्स्यान पहारेकऱ्याच्या बुडाखाली.
वर दुमडलेला कोट, शेजारी थर्मास.
खुर्ची मागितली होती त्याने सप्टेंबरात.
अर्ज खरेदीच्या दालनात
मंजुरीच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता.
अर्जाला पाय दुखत नाहीत.

मिरोनला विचारलं, हे तुझ्या कोणत्या चौकोनात बसतं?
तो म्हणाला, "गोदाम." मग म्हणाला, "खरेदी."
मग खडू हातात तसाच धरून
दोन चौकोनांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.
तेवढ्यात मी लिहून टाकलं : गोदाम.
"वित्तापेक्षा चौथाईने कमी मिळेल," तो हळूच म्हणाला.
माहीत आहे.
आणि सॉफ्टवेअर? जर्मन.
कारण काही थोर नाही. ओपोच्नोला तेच होतं,
त्याची बटणं मला ठाऊक आहेत
आणि मी त्याला घातलेल्या शिव्या त्याला.

फी चार हजार सहाशे, सहा हप्त्यांत.
त्यांच्याकडे जमा, माझ्या नावे.
या शहरात अजून कोणतं नाव चालायचं?
दहा वर्षांनी हेही किलोवर गेलं
तर मानेला नवा आवाज शिकवावा लागेल,
शिकेल की नाही, सांगता येत नाही.
पण खोकी कुठेतरी असतीलच,
दोनशे बारा, किंवा तीन कमी,
आणि आकडा जुळत नाही म्हणून
कोणीतरी कंदिलासारखा फोन धरून
मागच्या दारापर्यंत चालत जायला हवं.

लुत्स्यानला खुर्ची मिळाली, फेब्रुवारीत.
एक हात नसलेली.
ती मात्र प्रणालीत कुठेच नोंदलेली नव्हती.